शवसंलेपन

शवसंलेपन म्हणजे मृतदेहाचे कुजणे रासायनिक द्रव्यांच्या साहाय्याने थांबविण्याची अथवा लांबणीवर टाकण्याची प्रक्रिया होय. रुग्णालयांत व विमान कंपन्यांच्या कागदपत्रांत तिला एम्बामिंग या नावानेच ओळखले जाते. शवविच्छेदनाशी तिची गल्लत होऊ नये. शवविच्छेदन मृत्यूचे कारण शोधण्यासाठी करतात, तर शवसंलेपन देह टिकविण्यासाठी. एकाच देहावर दोन्ही करावयाचे असल्यास कोणते आधी करावयाचे, यास मोठे महत्त्व आहे.

अमेरिकेत अंत्यदर्शनासाठी शवसंलेपन सर्रास केले जाते. महाराष्ट्रात मात्र ते मुख्यतः दोन कारणांनी होते : वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अध्ययनासाठी आणि देह दूरवर, विशेषतः विमानाने, नेण्यासाठी. सोलापुरात पहिला उपयोग अधिक परिचित आहे. येथील डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली स्थापन झाले. कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाप्रमाणे त्याच्या शरीररचनाशास्त्र विभागाचे अध्यापन संलेपन केलेल्या देहांवर अवलंबून असते.

मृत्यूनंतरचे बदल

मृत्यूनंतर पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो व त्यांच्यातीलच विकरे पेशींचे घटक पचवू लागतात. यास स्वयंविघटन म्हणतात. त्यापाठोपाठ आतड्यांतील जीवाणू रक्तवाहिन्यांवाटे सर्वत्र पसरतात आणि प्रथिनांचे विघटन करून हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया, पुट्रेसिन, कॅडॅव्हरिन यांसारखी दुर्गंधीयुक्त द्रव्ये निर्माण करतात. हायड्रोजन सल्फाइडचा रक्तातील हीमोग्लोबिनशी संयोग होऊन त्वचेवर हिरवट डाग उमटतो. तो प्रथम पोटाच्या उजव्या खालच्या भागात दिसतो, कारण तेथे मोठ्या आतड्याचा आरंभीचा भाग त्वचेच्या जवळ असतो.

या क्रियांचा वेग तापमानावर अवलंबून असतो. भारतातील न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांनुसार हा डाग उन्हाळ्यात साधारण १२ ते १८ तासांत, तर हिवाळ्यात एक ते दोन दिवसांत दिसू लागतो. एप्रिल-मे महिन्यांत ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणाऱ्या सोलापूरच्या तापमानात पुण्या-मुंबईहून येणाऱ्या नातेवाइकांची वाट पाहणेही कठीण होते. अशा वेळी बर्फाच्या लाद्या किंवा भाड्याने मिळणारी शीतपेटी वापरतात. थंडी विघटन मंदावते, थांबवीत नाही. पेटीतून बाहेर काढताच ते पुन्हा सुरू होते. संलेपनाचा मार्ग याहून वेगळा आहे. त्यात ऊतींचेच रासायनिक रूप बदलून टाकले जाते.

फॉर्माल्डिहाइडची क्रिया

आधुनिक संलेपनाचा आधार फॉर्माल्डिहाइड हा आहे. रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र बुटलेरोव्ह यांनी १८५९ मध्ये तो प्रथम तयार केला. त्याने ऊती घट्ट होतात, हे जर्मन वैद्य फर्डिनांड ब्लुम यांनी १८९३ मध्ये दाखवून दिले. शुद्ध फॉर्माल्डिहाइड हा उणे १९ अंश सेल्सिअसला उकळणारा, म्हणजे नेहमीच्या तापमानास वायुरूप असणारा पदार्थ आहे. पाण्यातील त्याच्या सुमारे ३७ टक्के द्रावणास फॉर्मेलिन म्हणतात. ते साठवून ठेवल्यास रेणू एकमेकांस जोडले जाऊन पॅराफॉर्माल्डिहाइडचा पांढरा साका बसतो. तसे होऊ नये म्हणून फॉर्मेलिनमध्ये मिथेनॉल मिसळलेले असते.

प्रथिनांमधील लायसीनसारख्या अमिनो आम्लांच्या नायट्रोजनयुक्त गटांशी फॉर्माल्डिहाइडचा संयोग होतो. या पहिल्या टप्प्यात तयार होणारा गट शेजारच्या साखळीवरील दुसऱ्या अमिनो आम्लाशी जोडला जातो आणि दोन साखळ्यांमध्ये एका कार्बन अणूचा पूल बांधला जातो. असे असंख्य पूल झाले की सुटी प्रथिने एका जाळ्यात अडकतात. स्वयंविघटन घडविणारी विकरे स्वतः प्रथिनेच असल्यामुळे तीही निष्क्रिय होतात, जीवाणू मरतात आणि त्यांना पचविता येईल असे अन्नही उरत नाही. फॉर्मेलिनमधील स्नायू ताठ, करडे व उकडलेल्या मांसासारखे होतात ते या जाळ्यामुळेच. कातडी कमावतानाही तत्त्व हेच असते. कारखान्यांत तेथे सामान्यतः टॅनिन किंवा क्रोमियमची लवणे वापरतात, एवढाच फरक.

हे बदल व्यवहारतः परत फिरविता येत नाहीत. संलेपनाचे फायदे आणि तोटे दोन्ही यातूनच निघतात.

द्रावण व कृती

केवळ फॉर्मेलिन वापरल्यास देह लाकडासारखा कडक होतो व कोरडा पडतो. म्हणून द्रावणात इतर घटक घालतात. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते व ऊती मऊ राखते. फिनॉल बुरशीस आळा घालते. अल्कोहोल जंतुनाशक असून द्रावण ऊतींत शिरण्यास मदत करते. सोडियम सायट्रेट रक्तातील कॅल्शियम बांधून गुठळ्या होऊ देत नाही. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील विहिरींचे व बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड, म्हणजे कॅल्शियमयुक्त असते, तेथे हा घटक विशेष उपयोगी ठरतो. त्वचेस सजीव छटा यावी म्हणून क्वचित इओसिनसारखा रंग मिसळतात. घटकांचे प्रमाण विभागागणिक बदलते.

फॉर्मेलिन ऊतींत सावकाश झिरपते. बाहेरून देह बुडवून ठेवला तर द्रावण आत पोहोचेपर्यंत आतील अवयव कुजून गेलेले असतात. त्यामुळे हृदय थांबले असले तरी रक्तवाहिन्यांचेच जाळे वाहतुकीसाठी वापरतात. मांडीच्या किंवा मानेच्या रोहिणीत नळी घालून उंचावर टांगलेल्या भांड्यातून अथवा पंपाने द्रावण सोडले जाते. प्रौढ देहास साधारणतः आठ ते दहा लिटर द्रावण लागते. त्यानंतर देह सौम्य फॉर्मेलिनच्या टाकीत ठेवतात.

ही पद्धत रोहिण्या अखंड असण्यावर अवलंबून असल्याने देहदानाच्या नियमांवर तिचा थेट परिणाम होतो. शवविच्छेदनात वाहिन्या कापल्या जातात व द्रावण गळून जाते. म्हणून शवविच्छेदन झालेला देह महाविद्यालये सहसा स्वीकारीत नाहीत. आयुष्यभर देहदानाची इच्छा बाळगलेल्या व्यक्तीचा मृत्यू अपघाताने झाला तर कुटुंबास नकार ऐकावा लागतो, तो या कारणाने. देह काही तासांतच पोहोचविण्याची अट असते, कारण रक्त गोठून व ऊती सडून गेल्यावर द्रावण सर्वत्र पोहोचत नाही. नेत्रदान मात्र त्याआधी करता येते.

कायदा व देहदान

बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी उपलब्ध व्हावेत म्हणून तत्कालीन मुंबई राज्यात १९४९ मध्ये मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियम करण्यात आला. विहित मुदतीत नातेवाइकांनी ताब्यात न घेतलेले देह अधिकृत संस्थांना देण्याची तरतूद त्यात आहे. पुढे स्वेच्छेने होणारे देहदानही वाढले. मूळचे हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचे समाजकार्यकर्ते नानाजी देशमुख यांचे २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूट येथे निधन झाल्यानंतर त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह वैद्यकीय संशोधनासाठी देण्यात आला.

न्यायवैद्यकीय मर्यादा

एकोणिसाव्या शतकात संलेपनासाठी आर्सेनिकची संयुगे वापरीत. त्यामुळे विषप्रयोग झालेल्या देहात सापडलेले आर्सेनिक खुन्याने दिलेले की संलेपकाने घातलेले, हे ठरविता येईना. अनेक ठिकाणी त्याच्या वापरावर बंदी आली, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते. फॉर्मेलिननेही ही अडचण पूर्ण सुटली नाही. फॉर्माल्डिहाइडचा सायनाइडशी संयोग होऊन ते नाहीसे होते. द्रावणातील अल्कोहोलमुळे मृत व्यक्तीने मद्य घेतले होते का, याची तपासणी निरर्थक ठरते. काही औषधांचे रेणूही बदलतात. नॉरट्रिप्टिलिनचे अ‍ॅमिट्रिप्टिलिनमध्ये रूपांतर होणे हे त्याचे उदाहरण. याच कारणास्तव विषबाधेच्या बहुतेक प्रकरणांत व्हिसेरा फॉर्मेलिनमध्ये न ठेवता साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवितात.

संशयास्पद मृत्यूत न्यायवैद्यकीय तपासणी पूर्ण झाल्याशिवाय संलेपन करू नये, असा संकेत आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये अभिनेत्री श्रीदेवी यांचे दुबईत निधन झाले तेव्हा हाच क्रम पाळला गेला. तपासणी व सरकारी अभियोक्त्यांची परवानगी यांनंतर संलेपन होऊन देह मुंबईस आणण्यात आला. मराठी वृत्तपत्रांच्या अनेक वाचकांस ‘एम्बामिंग’ हा शब्द बहुधा त्याच आठवड्यात प्रथम भेटला.

धार्मिक रूढी

हिंदूंमध्ये दहन शक्यतो लवकर करतात व मुस्लिम समाजातही दफनास विलंब टाळतात, त्यामुळे दोन्हींत संलेपनाची परंपरा नाही. सोलापूर परिसरात मोठ्या संख्येने असलेल्या लिंगायत समाजात देह बसलेल्या स्थितीत पुरण्याची रूढी आहे. संन्याशांना समाधी देताना देहाभोवती मीठ भरण्याची चाल अनेक संप्रदायांत आढळते. मीठ ऊतींतील पाणी शोषून जीवाणूंची वाढ रोखते, परंतु तेथे हेतू विधीचा असतो, देह टिकविण्याचा नव्हे. गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या देहाची कथा याच्या उलट आहे. १५५२ मध्ये चीनजवळील शांगचुआन बेटावर मृत्यू झाल्यावर अस्थी लवकर मोकळ्या व्हाव्यात म्हणून त्यांच्या देहाभोवती चुना घालण्यात आला होता. काही महिन्यांनी देह मात्र टिकलेला आढळला व १५५४ मध्ये तो गोव्यास आला.

आरोग्यास धोका व पर्याय

फॉर्माल्डिहाइडने डोळे व घसा चुरचुरतो, हे विच्छेदनगृहात पाऊल ठेवलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. त्याहून गंभीर बाब म्हणजे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याचे वर्गीकरण मानवात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांत केले. अमेरिकेत कामाच्या ठिकाणच्या हवेतील त्याची आठ तासांची सरासरी मर्यादा दशलक्ष भागांत ०.७५ भाग इतकी आहे. खरा धोका काही महिने विच्छेदन करणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा वर्षानुवर्षे टाक्या हाताळणाऱ्या विभागातील कर्मचाऱ्यांस अधिक असतो. हातमोजे, योग्य गाळणीचा मुखवटा व हवा बाहेर खेचणारी यंत्रणा ही त्यासाठीची किमान साधने होत. साधा कापडी किंवा शल्यक्रियेचा मुखवटा वायू अडवीत नाही.

ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील वाल्टर थील यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत फॉर्मेलिन अत्यल्प असून बोरिक आम्ल, लवणे व ग्लायकॉल यांवर भर असतो. त्यामुळे सांधे वाकतात, स्नायूंचा रंग टिकतो आणि शल्यक्रियेच्या सरावासाठी असे देह अधिक उपयुक्त ठरतात. परंतु या पद्धतीत देह कित्येक महिने मोठ्या टाकीत बुडवून ठेवावा लागतो व खर्चही बराच येतो.