सैकल, शिकलगार आणि पहिले मशीन

माझ्याकडे पूर्वी शिकलेला एक मुलगा परवा भेटला. आडनाव शिकलगार. वडील सायकलवर साण बसवून गल्लोगल्ली फिरत, सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देत. मुलगा हायवेलगतच्या एका गॅरेजात गाड्यांना पॉलिश करतो. आता स्वतःचे काम सुरू करायचे म्हणतो. सलाम-दुआ झाल्यावर त्याने विचारले, “सर, पहिलं मशीन कोणतं घेऊ? रोटरी की ड्युअल अ‍ॅक्शन? सगळे म्हणतात रोटरीच घे, काम पटापट होतं.” मग म्हणाला, “हे काही आमचं पिढीजात काम नाही. घरात विचारायला कुणी नाही.”

मशीनपेक्षा मला हे शेवटचे वाक्य खटकले. कारण त्याचे आडनावच त्याच्या कामाचे नाव आहे, आणि ते त्याला कुणी सांगितलेले नाही.

अरबीत ‘सक़ल’ या धातूचा अर्थ घासून चकाकी आणणे. त्यावरून ‘सैकल’, आणि त्याला फारसी ‘गर’ जोडून ‘सैकलगर’, म्हणजे शस्त्रांना जिल्हई देणारा. आपल्या बोलीत तो शिकलगार झाला. दख्खनच्या सुलतानांच्या फौजा असोत की मराठ्यांच्या, तलवार गंजली की ती त्याच्याकडेच येई. आधी जाड दाण्याच्या दगडाने गंज काढायचा, मग बारीक, मग त्याहून बारीक. आधीच्या दगडाचे ओरखडे पुढच्या दगडाने पुसायचे. सगळी विद्या एवढीच, पण ती हातात मुरायला उमर जाते.

त्याच्या साणेत लाखेत घट्ट बसवलेली कुरुंदाची पूड असे. कुरुंद म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. आज गाडीच्या कटिंग कंपाउंडमध्ये मुख्यतः हाच पदार्थ अतिशय बारीक करून घातलेला असतो. बापाच्या साणेत आणि लेकाच्या बाटलीत एकच खनिज.

यंत्रही आपल्याला नवे नाही. अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’त एका चाकाचे वर्णन केले आहे. जनावराच्या बळावर फिरणाऱ्या त्या चाकाने बंदुकीच्या सोळा नळ्या एकाच वेळी साफ होत. आईनमध्ये त्याचे श्रेय बादशहाला दिले आहे. काही अभ्यासक ते फतहुल्लाह शिराझीला देतात. हा विद्वान विजापूरच्या आदिलशाही दरबारातून १५८३ मध्ये अकबराकडे गेला होता.

मग काळ फिरला. १८१८ मध्ये पेशवाई संपली, फौजा मोडल्या. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरवला. तलवारच घरात नाही तर सैकल कशाला? शिकलगार सुरी, कात्री आणि कुलूप-किल्लीकडे वळला. हुनर राहिले, इज्जत उतरली.

मोटारी आल्या तेव्हा त्यांना घोडागाडीसारखेच तेलाचे रंग नि व्हार्निश ब्रशने लावत. ते वाळायला आठवडे लागत. १९२३ मध्ये जनरल मोटर्सने ओकलँड गाडीला ड्युपॉन्ट कंपनीचा ‘ड्युको’ नावाचा नायट्रोसेल्युलोज रंग वापरला. तो फवाऱ्याने मारता येई आणि झटपट वाळे. आपले जुने पेंटर गाडी रंगवण्याला अजून ‘ड्युको मारणे’ म्हणतात, ते इथून आले. हा रंग वाळल्यावर मंद दिसे, घासल्याशिवाय चमकत नसे. म्हणजे गाडीलाही सैकल लागलीच.

१९८० नंतर रंगावर पारदर्शक क्लिअर कोट देण्याची पद्धत रूढ झाली. पहिल्या मशीनचा निर्णय इथेच ठरतो. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिश म्हणजे त्यातले थोडे कापून ओरखड्याच्या तळापर्यंत उतरणे. तलवारीचे पोलाद पिढ्यानपिढ्या घासता येत होते. हा थर एकदा संपला की पुन्हा रंगकामच.

रोटरीचा पॅड एकाच आसावर गोल फिरतो. कापतो जोरात, पण उष्णता एकाच जागी साठते. हात जरा थांबला की कडेचा रंग जळतो, आणि उन्हात होलोग्रामच्या रेघा दिसतात. ड्युअल अ‍ॅक्शनचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी आसापासून सरकत वर्तुळही घेतो. उष्णता पसरते, आणि फार दाबले तर पॅडचे फिरणे थांबते. नवख्याची चूक हे मशीन बरीचशी पोटात घालते.

म्हणून मी त्याला सांगितले: पहिले मशीन ड्युअल अ‍ॅक्शनच घे. पाच इंची प्लेट, १५ मिलिमीटरचा फेर आणि वेग कमी-जास्त करण्याची सोय असावी. २१ मिलिमीटरचे मशीन बॉनेट-छतासारख्या मोठ्या सपाट भागाला बरे, पण अरुंद जागी आवरत नाही. उरलेल्या पैशांत रंगाची जाडी मोजणारे मीटर घे. कडांना टेप लाव, आधी मऊ पॅड आणि सौम्य पॉलिशने हातभर जागेवर करून बघ. भागले नाही तरच पुढचे. रोटरी हात बसल्यावर घे.

मौलाना रूमींच्या मसनवीत चिनी आणि रूमी चित्रकारांची पैज आहे. चिनी मंडळी भिंत रंगांनी भरून टाकतात. रूमी मंडळी समोरची भिंत नुसती घासत राहतात. पडदा उघडल्यावर सगळी चित्रे त्या घासलेल्या भिंतीत अधिक सुंदर दिसतात. तिथे बोलणे मनाच्या सफाईचे आहे, पण उपमा सैकलगराच्या हातची आहे.

“आणि घरात विचारायला कुणी नाही, हे खोटं,” मी म्हणालो. “पातं तापलं की निळं पडतं आणि त्याचं पाणी उतरतं, हे तुझ्या अब्बांना माहीत आहे. किती दाबायचं आणि कधी उचलायचं, हे साणेच्या आवाजावरून ओळखत त्यांची उमर गेली. रोटरीवर रंग जळतो तो हेच न कळल्यामुळे. मशीन आणशील त्या दिवशी जुना बॉनेट मांडून त्यांना शेजारी बसव.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग विचारले, “सर, तो शब्द उर्दूत कसा लिहायचा?” मी त्याच्या बिलबुकाच्या मागे लिहून दिला: स्वाद, ये, काफ, लाम.