पीळ कुणी सोसायचा?

मामूंच्या जीपचा विषय निघाला की आमच्या घरात अजून दोन तट पडतात. गोष्ट 1984 ची. पेट्रोल परवडेना म्हणून मामूंनी जीपचं इंजिन काढून भंगारातल्या एका टेम्पोचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. त्या काळी गावोगावी हे चालायचं. गॅरेजचे उस्ताद म्हणाले होते, "इंजिन बसंल मामू, पण मागचं काय?" मामूंनी ते हसण्यावारी नेलं. महिन्याभरात लग्नाचं वऱ्हाड घेऊन आम्ही कुंभार्ली घाट चढत असताना मागून फाडकन आवाज आला आणि गाडी पुढे जायची ती मागे सरकू लागली. इंजिन जोरात चालू, गिअर पडलेला, आणि गाडी मागे! मामूंनी हँडब्रेक ओढला, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. पायातला ब्रेक तेवढा लागला. मी आणि दोघा चुलतभावांनी उड्या टाकून चाकांमागे दगड लावले. आत अम्मी होती, नवरीची आजी होती. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो.

हँडब्रेक का लागला नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं राहिला. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस, यंत्रशास्त्राशी माझं नातं काय! पण या एका प्रश्नापायी मी मोटारींच्या इतिहासाची पुस्तकं वाचू लागलो, आणि वाचता वाचता सातासमुद्रापार घडलेली एक गोष्ट हाती लागली. आज तीच सांगायची आहे.

लंडनच्या नैर्ऋत्येला थेम्स डिटन नावाचं गाव आहे. तिथे एसी ही छोटी मोटार कंपनी होती. एसी म्हणजे ऑटो कॅरिअर्स, कारण तिची सुरुवात माल वाहणाऱ्या तीनचाकी गाड्यांपासून झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर याच कारखान्यानं अपंगांसाठी तीनचाकी गाड्या बनवल्या, साउथएंडच्या धक्क्यावर धावणारी छोटी आगगाडीही बनवली. पडेल ते काम करणारी माणसं. त्यांनी 1953 मध्ये 'एस' नावाची दोन आसनी स्पोर्ट्स कार काढली. जॉन टोजेरो यांच्या आराखड्यावरून घेतलेली शिडीसारखी नळ्यांची चौकट आणि तिच्यावर हातांनी ठोकून बसवलेला अॅल्युमिनियमचा पत्रा. इतकी देखणी गाडी त्या दशकात क्वचितच झाली असेल. इंजिन मात्र एसीचं स्वतःचं, 1919 सालापासून चालत आलेलं. पुढे 1956 पासून ब्रिस्टल कंपनीचं दोन लिटरचं, सव्वाशेच्या आसपास अश्वशक्तीचं इंजिन मिळू लागलं आणि गाडीचं रूप आणि वेग यांचा मेळ बसला. पण 1961 मध्ये ब्रिस्टलनं स्वतःच्या गाड्यांसाठी अमेरिकी व्ही-एट इंजिन पत्करलं आणि आपलं सहा सिलिंडरचं इंजिन बंद करत आणलं. 'एस' पोरकी झाली.

नेमकं त्याच वेळी अमेरिकेत टेक्सासचा एक माणूस गाडी शोधत होता. त्याचं नाव कॅरोल शेल्बी. कधीकाळी कोंबड्या पाळणारा. 1959 ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत त्यानं रॉय साल्वाडोरीच्या जोडीनं जिंकली होती. पण छातीत कळा यायच्या, जिभेखाली गोळी ठेवून तो शर्यतीत उतरायचा. 1960 मध्ये त्यानं शर्यती सोडल्या. सप्टेंबर 1961 मध्ये त्यानं एसीला पत्र लिहिलं, तुमच्या गाडीत अमेरिकी व्ही-एट इंजिन बसवू या का? कंपनी म्हणाली, इंजिन मिळत असेल तर बसवू. फोर्डनं नुकतंच पातळ ओतकामाचं, आकाराच्या मानानं हलकं व्ही-एट काढलं होतं. फेब्रुवारी 1962 मध्ये बिनइंजिनाची एक गाडी कॅलिफोर्नियाला पोचली. तिच्यात सव्वाचार लिटरचं, 260 अश्वशक्तीचं इंजिन काही तासांत बसवलं गेलं. तीच पहिली कोब्रा. गाड्या पुष्कळ तयार आहेत असं वाटावं म्हणून एकच गाडी निरनिराळ्या रंगांत रंगवून वेगवेगळ्या मासिकांना दिली गेली, हा किस्सा अमेरिकेत चवीनं सांगतात.

इंजिन काही तासांत बसलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती गाडी निघण्याआधी थेम्स डिटनमध्ये काय झालं, ते फार कमी जण सांगतात.

इथे थोडं यंत्राकडे वळतो. पाठ्यपुस्तकात टॉर्कला 'आघूर्ण' असा भारदस्त शब्द आहे. गॅरेजात म्हणतात 'खेच'. मला मात्र 'पीळ' आवडतो. नदीवर दोघीजणी ओली गोधडी पिळतात ती आठवा. एका टोकाला इंजिन आणि दुसऱ्या टोकाला रस्त्याला धरून बसलेलं चाक. मधला प्रत्येक भाग, म्हणजे क्लच, गिअरपेटी, प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि शेवटी चाकापर्यंत जाणारे अॅक्सल, गोधडीसारखा पिळला जातो. आणि हा पीळ वाटेत कमी होत नाही, वाढतो! पहिल्या गिअरमध्ये तो सुमारे अडीचपट होतो, डिफरन्शियलमध्ये आणखी साडेतीनपट. म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी जे एक, ते मागच्या चाकांपाशी आठ-नऊ. दोन्ही अॅक्सलनी ते वाटून घ्यायचं. म्हणून इंजिन दुप्पट खेचू लागलं की पहिला घाव बहुधा सगळ्यात मागच्या माणसावर पडतो. फोर्डच्या व्ही-एटची खेच ब्रिस्टलच्या जवळजवळ दुप्पट होती.

एसीच्या लोकांनी हे ओळखलं. 'एस'चं जुनं डिफरन्शियल ईएनव्ही कंपनीचं होतं. ते काढून त्यांनी सॅलिस्बरीचं दणकट डिफरन्शियल घातलं, जॅग्वार ई-टाइपमध्ये असायचं त्याच जातीचं. गिअरपेटीही अमेरिकी आली, बोर्ग-वॉर्नरची चार गिअरची. त्याच जातीची पेटी शेवरोलेच्या कॉर्व्हेटमध्ये होती, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्याच घरची भाकरी. रुंद इंजिनाला वाट द्यायला स्टिअरिंगची पेटी बाहेर सरकवली. जे निमूटपणे पीळ सोसतं ते सगळं बदललं, आणि मगच गाडी जहाजात चढली.

तरीही एक दुवा राहिला. 13 ऑक्टोबर 1962 ला कॅलिफोर्नियात रिव्हरसाईडला कोब्राची पहिली शर्यत झाली. समोर नवी कोरी कॉर्व्हेट स्टिंग रे. बिली क्राऊस कोब्रा घेऊन आघाडीवर होता आणि मागच्या चाकाचा हब मोडला. डिफरन्शियल टिकलं, इंजिनाला खरचटलंही नाही. पीळ आणखी थोडा पुढे सरकला आणि तिथे त्याला कच्चा गडी सापडला. मग हबही मजबूत करून घेतले. 1963 च्या सुरुवातीला त्याच रिव्हरसाईडवर डेव्ह मॅकडोनल्ड आणि केन माइल्स यांनी कोब्रा पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर आणल्या. केन माइल्स म्हणजे 2019 च्या 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' चित्रपटातला तोच.

पुढे इंजिन वाढत गेलं. आधी 4.7 लिटर, आणि 1965 मध्ये तब्बल सात लिटर. तेव्हा मात्र ठिगळं लावून भागेना. चौकटीच्या मुख्य नळ्या तीन इंचांच्या होत्या, त्या चार इंचांच्या कराव्या लागल्या. आडव्या पाट्यांच्या स्प्रिंगा जाऊन गुंडाळीच्या आल्या. खरं सांगायचं तर ती वेगळीच गाडी झाली होती, जुनी तिच्या नावात आणि चेहऱ्यात तेवढी उरली होती. माझं प्रेम आधीच्या, सडपातळ कोब्रावर. सात लिटरची गाडी मला दंड फुगवून फोटोला उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी वाटते. जाणकारांनी रागावू नये.

त्याच 1965 साली जुलैमध्ये शेल्बीच्या चमूनं, याच चौकटीवर बांधलेल्या बंद टपाच्या गाड्यांच्या जोरावर, जीटी गटाचं जागतिक विजेतेपद फेरारीकडून घेतलं. गाडीच्या बाजूला 'पॉवर्ड बाय फोर्ड' अशी पट्टी असायची. 'डिफरन्शियल सॅलिस्बरीचं' अशी पट्टी कुणी लावत नाही. थेम्स डिटनचं नाव तर अमेरिकेत हळूहळू गाडीवरून पुसटच होत गेलं. शेल्बीचं श्रेय मी नाकारत नाही. पत्र त्यानं लिहिलं, धाडस त्याचं. 1990 मध्ये त्याच्या छातीतलं हृदयही बदललं आणि त्यानंतर तो बावीस वर्षं जगला, 2012 मध्ये गेला. पहिली कोब्रा त्यानं शेवटपर्यंत स्वतःजवळ ठेवली. 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथल्या लिलावात तिला एक कोटी साडेसदतीस लाख डॉलर आले.

आता मामूंची जीप. त्या जातीच्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसायचा, गिअरपेटीच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर असायचा. त्यानं शाफ्ट घट्ट धरला होता, इमानानं धरला होता. पण शाफ्ट आणि चाक यांच्यामधला अॅक्सलच डिफरन्शियलच्या तोंडाशी तुटला होता. एका बाजूचा अॅक्सल तुटला की दुसऱ्या बाजूचं चाकही मोकळं फिरतं, म्हणून इंजिनाची खेचही गेली आणि हँडब्रेकही गेला. मला याचं उत्तर मिळेपर्यंत मामू गेले होते. ज्यांना सांगायचं, ते उस्तादही.

अॅक्सलचा तो तुकडा मामींनी ठेवलाय. कपडे वाळत घातले की वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून त्या तो दाराला लावतात. मागच्या ईदला गेलो तेव्हा हातात घेऊन पाहिला. टोकाचे दाते सरळ नाहीत, दोरीला पीळ द्यावा तसे एका अंगाला वळलेले आहेत. म्हणजे तो एकदम तुटला नव्हता. महिनाभर, प्रत्येक चढावर, थोडा थोडा पिळला जात होता.