पालथं पडण्याचा इतिहास: टमी टाइम आला कुठून?

आजचा भाग तान्ह्या लेकरांबद्दल आहे. पण ज्यांच्या घरात लेकरू नाही, त्यांनी लगेच पुढचा भाग लावू नका. ही गोष्ट बाळाची कमी आणि मोठ्या माणसांच्या सल्ल्यांची जास्त आहे. कुठला सल्ला कधी आला, का आला, आणि चुकीचा निघाल्यावर तो बदलायला किती वर्षं लागली, याची.

विषय आहे टमी टाइम. बाळ जागं असताना, कुणीतरी जवळ बसून त्याला थोडा वेळ पोटावर ठेवायचं, एवढंच. माझी बहीण बाळंतपणाला माहेरी आली आहे, इथे संभाजीनगरला. बाळ अडीच महिन्यांचं आहे. डॉक्टरांनी तिला सांगितलं, रोज टमी टाइम द्या. आजीने विचारलं, “हे काय असतं गं?” बहिणीने समजावून सांगितलं. त्यावर आजी म्हणाली, “म्हणजे पालथं घालायचं ना लेकराला? त्याला कशाला टाइम लावायचा?”

तिचं म्हणणं मला अडवून गेलं. मराठीत 'पालथं' हा शब्द तसा बदनामच. पालथ्या घड्यावर पाणी, पालथे धंदे. पण 'बाळ पालथं पडायला लागलं' हे वाक्य आलं की अख्खं घर हसतं. म्हणजे ही पायरी आपल्याला पूर्वीपासून माहीत होती. मग तिच्या सरावाला इंग्रजी नाव का लागलं?

आधी आजीच्या काळात जाऊ. गुलमंडीच्या वाड्यात असो की पैठणकडच्या खेड्यात, बाळंतिणीच्या घरी सकाळी न्हाऊ घालणारी बाई यायची. ती पाटावर बसायची, पाय लांब करायची आणि बाळाला आपल्या पायांवर घ्यायची. आधी उताणं. छाती, पोट, हातपाय तेलाने चोळून झाले की पालथं. मग पाठ, कंबर, मान. त्यानंतर कोमट पाण्याचे तांबे. पालथं घातलेलं बाळ मान उचलायचा प्रयत्न करायचं, रडायचं, परत उचलायचं. बाईच्या पायांचा उतार असा असतो की बाळाची छाती थोडी वर राहते आणि मानेवर एकदम सगळा भार येत नाही. आज फिजिओथेरपिस्ट छातीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायला सांगतात, ती याचसाठी.

म्हणजे सराव होता, पण त्याला वेगळं नाव नव्हतं, कारण तो अंघोळीच्या कामातच उरकून जायचा. म्हणून जुनं सगळं सोनं होतं असं मात्र नाही. नाकाकानात तेल सोडणं, बाळाच्या छातीच्या गाठी पिळणं, धुरीचा धूर कोंडलेल्या खोलीत बाळाला धरणं, हेही त्याच सकाळी चालायचं, आणि हे करू नका असं डॉक्टर आज स्पष्ट सांगतात.

आता जरा लांब जाऊया, अमेरिकेत. कारण टमी टाइम हे नाव जन्मलं ते तिकडच्या एका मोठ्या चुकीतून.

बेंजामिन स्पॉक नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. बालसंगोपनावरचं त्यांचं पुस्तक १९४६ साली आलं आणि जगभर त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. पहिल्या आवृत्तीत त्यांनी बाळाला उताणं झोपवायला सांगितलं होतं. पण १९५० च्या दशकातल्या आवृत्तीपासून सल्ला फिरला: उताण्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकेल, म्हणून पालथं झोपवा. ऐकायला एकदम पटतं. पुढे दवाखान्यांतही दिसलं की दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं पालथी ठेवली की जास्त नीट श्वास घेतात. ती सवय मग दिवस भरलेल्या, धडधाकट बाळांपर्यंत आणि घरांपर्यंत पोहोचली. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये लाखो बाळं रात्रभर पालथी झोपू लागली.

आणि काही बाळं सकाळी उठेनाशी झाली. आजार नाही, ताप नाही. तिकडे याला कॉट डेथ म्हणायचे, म्हणजे पाळण्यातला मृत्यू. किती आयांनी स्वतःला दोष दिला असेल, विचार करा.

१९८५ साली डेव्हिस नावाच्या डॉक्टरांनी हाँगकाँगमधून लिहिलं की इथे असे मृत्यू फार कमी दिसतात, आणि इथली चिनी कुटुंबं बाळांना उताणं झोपवतात. पुढे इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलजवळ पीटर फ्लेमिंग यांच्या गटाने आणि न्यूझीलंडमध्ये एड मिचेल यांच्या गटाने नीट अभ्यास केला. उत्तर तेच निघालं. पालथं झोपवण्यात धोका होता.

१९९१ मध्ये ब्रिटनमध्ये मोहीम सुरू झाली. ॲन डायमंड या टीव्हीवरच्या प्रसिद्ध निवेदिकेचं बाळ त्याच वर्षी असंच गेलं होतं. ती स्वतः लोकांसमोर उभी राहिली. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये सल्ला बदलला आणि १९९४ मध्ये तिथे देशभर मोहीम निघाली: बाळाला पाठीवर झोपवा. पुढच्या दहा वर्षांत तिथले असे मृत्यू निम्म्यावर आले. यात नवीन औषध नव्हतं की महागडं यंत्र. फक्त बाळाची कूस बदलली.

या गोष्टीचा सगळ्यात कडू भाग पुढे आहे. २००५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र मांडून दाखवलं की हा धोका १९७० पर्यंत जमलेल्या पुराव्यातच दिसत होता. तेव्हाच कुणी सगळं एकत्र वाचलं असतं, तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाकडचे किमान ५०,००० बालमृत्यू टळू शकले असते, असा त्यांचा अंदाज आहे. सल्ला देणारे वाईट नव्हते. पटणारं कारण होतं, मोठं नाव होतं, आणि तपासून बघायचं कुणाला सुचलं नाही.

मग टमी टाइम कुठून आला? बाळं रात्री उताणी झोपू लागली आणि घाबरलेल्या आईबापांनी दिवसाही पालथं घालणं सोडलं. काही वर्षांतच डॉक्टरांकडे मागून चपट्या डोक्याची बाळं जास्त येऊ लागली. काही बाळं पालथी पडायला आणि रांगायला जरा उशीर करू लागली. घाबरू नका, १९९८ च्या एका अमेरिकन अभ्यासात हा फरक नेहमीच्या मर्यादेतलाच निघाला, आणि चालायला दोन्हीकडची बाळं साधारण एकाच वेळी लागली. पण तोवर, १९९६ मध्येच, अमेरिकन संघटनेने जोड दिली होती: झोपताना पाठीवर, आणि जागेपणी, नजरेसमोर, थोडा वेळ पोटावर. आजीला जे नवीन वाटलं, ते हे. जुन्याच सरावाला नाव मिळालं, कारण मधल्या काळात तो हरवला होता.

आपल्या जिल्ह्यातच याला शोभेल अशी एक मूर्ती आहे. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात आत उजवीकडे हारीती बसली आहे, मांडीवर लेकरू, पायाशी मुलांचा घोळका. कथेत ती आधी मुलं खाणारी यक्षिणी असते आणि बुद्धाच्या उपदेशानंतर मुलांची राखणदार होते. 'पालथं' हेही तसंच आहे. झोपेत धोक्याचं, जागेपणी ताकद देणारं.

आमच्या घरात वाद झाला तो नेमका इथेच. आजीचं म्हणणं, पालथं निजवलं की लेकरू गाढ झोपतं. ते खरंच आहे, आणि अडचणही तीच आहे. पालथं बाळ इतकं गाढ झोपतं की श्वास अडला तरी त्याला चटकन जाग येत नाही. डोकं गोल व्हावं म्हणून तिने मोहरीची उशीही शिवून ठेवली होती. बहिणीने ती प्रेमाने घेतली आणि कपाटात ठेवली. पहिल्या वर्षी झोपताना उशी नको, असं डॉक्टर सांगतात. डोक्यासाठीही दिवसाचा पालथा वेळच कामाला येतो.

पण आमच्या सिडकोतल्या फ्लॅटमध्ये न्हाऊ घालणारी बाई मिळेना. आणि बाळ गादीवर पालथं ठेवलं की अर्ध्या मिनिटात किंकाळी! मग जे जमलं ते सांगतो. आधी बहीण मागे टेकून बसते आणि बाळाला छातीवर पालथं घेते. आईचा चेहरा दिसला की ते मान उचलतं. दुसरं, आजीने पाय लांब केले आणि बाळाला त्यावर आडवं घातलं. तिसरं, जमिनीवर सतरंजी, वर गोधडीची घट्ट घडी, आणि बाळाच्या छातीखाली दुपट्याची गुंडाळी. दूध पाजल्यावर लगेच नाही. झोपून उठल्यावर किंवा लंगोट बदलल्यावर. सुरुवातीला एकेक मिनिट. रडलं की उचलायचं, संध्याकाळी परत. तिथेच डुलकी लागली तर उताणं करायचं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की अजून रांगत नसलेल्या बाळाला दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पोटावर ठेवावं. एका दमात नव्हे, तुकड्या-तुकड्यांत. त्याच सूचनांमध्ये आणखी एक आहे, आपल्यासारख्या मोबाइलवाल्यांसाठी: एक वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको. म्हणून बाळाने मान उचलावी यासाठी समोर व्हिडिओ लावू नका. आमच्याकडे स्टीलची वाटी आणि चमचा पुरतो. तुम्ही स्वतः समोर पालथे पडलात तर आणखी बरं, बाळाला तुमचा चेहरा सगळ्यात जास्त आवडतो. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, किंवा चार महिन्यांचं होऊनही मान धरत नसेल, तर आपल्या डॉक्टरांना नक्की विचारा.

काल बाळाने आजीच्या पायांवर चांगली दोन मिनिटं मान धरली. आजी मोजत नव्हती, मी मोजत होतो.

तुमच्या घरी बाळाला पालथं घालायची काय पद्धत होती, ते आजी-आईला विचारा आणि आम्हाला कळवा. आणि ज्यांच्या घरी नवं बाळ आलंय, त्यांना हा भाग आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!