थायरॉइडची गोळी

(लेव्होथायरॉक्सिन). कंठमण्याखालची अवटू (थायरॉइड) ग्रंथी पुरेसे संप्रेरक तयार करीत नसेल, तर ती उणीव भरून काढण्यासाठी रोज, बहुधा जन्मभर, घ्यावयाचे औषध. ‘मला थायरॉइड आहे’ असे खानदेशातल्या पाचोऱ्यातही सर्रास म्हणतात. थायरॉइड सगळ्यांनाच असतो. दुखणे असते ते त्याच्या मंदपणाचे. पूर्वी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क देत. शास्त्रज्ञ केंडल यांनी १९१४ मध्ये अमेरिकेत थायरॉक्सिन हे या ग्रंथीचे संप्रेरक वेगळे काढले आणि १९२७ मध्ये ब्रिटनमध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवले. मुंबई व गोव्यासह देशातील आठ शहरांच्या पाहणीत (२०१३) सुमारे ११ टक्के प्रौढांत हा मंदपणा आढळला.

गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घेतात. चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने. खानदेशात दिवस चहानेच उगवतो, त्यामुळे पथ्य मोडते ते बहुधा इथेच. लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्ताची काही औषधे तिचे शोषण रोखतात. ती आणि ही गोळी यांच्यात चार तासांचे अंतर हवे. गरोदरपणी मिळणारी लोहाची लाल गोळी म्हणूनच रात्री बरी. औषधाचा अंश शरीरात निम्मा व्हायला सुमारे आठवडा लागतो, तेव्हा एखादी गोळी राहिली तर घाबरू नये. त्या दिवशी आठवली की घ्यावी. दुसऱ्या दिवशी मनाने दोन घेऊ नयेत. नवरात्राच्या उपवासात नऊ दिवस गोळी बंद ठेवणे मात्र वेगळे. घोटभर पाण्याने उपास मोडतो का, हा वाद घरात निघालाच तर निकाल औषधाच्या बाजूने द्यावा.

साठवणीचा प्रश्न पाचोऱ्यात विशेष. उष्णता, ओल आणि उजेड यांनी या गोळीचा जोर कमी होतो. बाटलीवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असते. इथे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. पत्र्याच्या छपराखालची फळी, गॅसशेजारचा कोनाडा, मोटारसायकलची डिकी या जागा वाईट. घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीतले बंद कपाट बरे. गोळ्या मूळ बाटलीतच ठेवाव्यात, आणि मोठ्या बाटलीऐवजी महिन्यापुरत्याच आणाव्यात. फ्रिजमध्ये ओल धरते. लेबलावर सांगितले असेल तरच तिथे ठेवावी.

मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते: २५, ५०, ७५, १०० वगैरे. बाटल्या सारख्याच दिसतात, म्हणून दुकानातच आकडा वाचून घ्यावा. वृद्धांना व हृदयरोग्यांना थोड्या मात्रेपासून सुरुवात करतात. मात्रा किंवा कंपनी बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएचची (अवटू ग्रंथीला चालना देणाऱ्या संप्रेरकाची) रक्ततपासणी करतात. वजन उतरवण्यासाठी ही गोळी घेणे धोक्याचे आहे: जास्त मात्रेने छातीत धडधड, हातांना कंप, झोप उडणे, पुढे हाडे ठिसूळ होणे असे त्रास होतात. बरे वाटते म्हणून ती परस्पर बंद करणेही चूकच. बरे वाटते ते तिच्यामुळेच. गरोदरपणात गरज साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढते आणि पहिल्या महिन्यांत गर्भ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असतो. त्यामुळे गोळी चालू असलेल्या बाईने दिवस राहिल्याचे कळताच, पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट न पाहता, डॉक्टरांना सांगावे.