‘लॉयल्टी’ : औषधदानाची नौका

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने जैन परंपरेने श्रेष्ठ मानली आहेत. पहिल्या महायुद्धात समुद्रावर घडलेल्या औषधदानाची एक कथा सातारा व सांगली या दोन्ही भूमींशी जोडलेली आहे.

ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे मूळ सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात, कण्हेरखेड येथे आहे. कण्हेरखेडची पाटीलकी सांभाळणारे हे घराणे पुढे राणोजी व महादजी शिंदे यांच्या पराक्रमाने उत्तरेत राज्यकर्ते झाले. १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा श्रीमंत माधवराव शिंदे गादीवर होते. हिंदी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी संस्थानिकांच्या सहकार्याने रुग्णनौका देण्याचे ठरले. त्यासाठी महाराजांनी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे जुने प्रवासी जहाज विकत घेतले व त्याचे नाव ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा, असे ठेवले. त्या युद्धात सातारा जिल्ह्याने मोठी किंमत मोजली. एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान धारातीर्थी पडले. घरापासून हजारो मैल दूर जखमी झालेल्या हिंदी शिपायांना अशा नौकांचाच आधार होता.

युद्ध संपले आणि जहाज विक्रीस निघाले. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी ही संधी ओळखली. शेठ नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी ते विकत घेतले व मार्च १९१९ मध्ये ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ कंपनी स्थापन केली. कंपनीच्या नावातही शिंदे घराण्याची आठवण राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. दुसऱ्याच दिवशी रौलेट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ झाला. राजनिष्ठेचे नाव धारण करणाऱ्या जहाजानेच ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान द्यावे, हा योगायोग विलक्षण होय.

ही वाट सोपी नव्हती. बलाढ्य परकीय कंपन्यांच्या विरोधापुढे ‘लॉयल्टी’ फार काळ टिकली नाही. १९२३ साली ती मोडीत निघाली. परंतु कंपनी तरली. तिनेच विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीचा कारखाना उभारला. तेथे बांधलेल्या ‘जल उषा’ जहाजाचे १९४८ साली पंडित नेहरूंच्या हस्ते जलावतरण झाले. ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

शेठ वालचंद १९५३ साली निवर्तले. धोंडूमामा साठे यांनी १९४७ साली सांगलीत सुरू केलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये वालचंद समूहाच्या देणगीने नवसंजीवनी मिळाली व शेठजींचे नाव लाभले. औषधदानासाठी घेतलेल्या नौकेपासून सुरू झालेला हा प्रवास अशा रीतीने विद्यादानापर्यंत पोहोचला. जहाज मोडले, तरी त्यामागील दानबुद्धी व पुरुषार्थ मोडीत निघाला नाही. विश्वस्त संस्थांनी आपल्या वाटचालीत हेच स्मरणात ठेवावे.