खुडूक कोंबडी कुठे गेली?



आमच्या गटाने अंडी उबवायचं छोटं यंत्र घेतलं, त्याची ही गोष्ट. पहिल्याच खेपेला ४८ अंडी लावली. सोळाव्या दिवशी संध्याकाळी वादळ झालं, विजेचा खांब आडवा झाला आणि लाईट गेली. यंत्र गार पडू लागलं. गटातल्या एका सुनेने घाबरून विचारलं, "मावशी, आता काय करायचं हो?" मावशींनी यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "खुडूक कोंबडी कुणाकडं हाय ते बघा गं आधी."

कंदील घेऊन सगळी वाडी फिरलो. घराघरात कोंबड्या होत्या, पण खुडूक झालेल्या निघाल्या दोनच. अंधारातच दोघींच्या पोटाखाली बारा-बारा अंडी सरकवली. उरलेल्या २४ अंड्यांवर गोधड्या टाकल्या, बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. शेवटी कोंबड्यांखालच्या २४ अंड्यांतून १९ पिल्लं निघाली, यंत्रातल्या २४ मधून ५.

त्या रात्रीपासून एक प्रश्न आमच्या डोक्यातून जात नाही. आमच्या आयांच्या वेळी दर घरात एखादी तरी कोंबडी रवणावर बसलेली असायची. मग एवढ्या वाडीत दोनच का? शोधायला गेलो तर हा प्रश्न फार लांबचा निघाला. आज तेच सांगायला बसलो आहोत.

आपली कोंबडी मूळची रानातली. आग्नेय आशियातली लाल रानकोंबडी ही तिची मुख्य पूर्वज. सह्याद्रीत ओरडते ती करडी रानकोंबडी वेगळी, पण तिचंही थोडं रक्त यात आहे. कोंबडीच्या पायांचा आणि कातडीचा पिवळेपणा तिच्याकडून आला, असं शास्त्रज्ञांना आढळलं. रानातली कोंबडी रोज एक याप्रमाणे अंडी घालते, जागा भरली की घालायचं थांबवते आणि बसते. पहिलं अंडं दहा दिवसांपूर्वीचं आणि शेवटचं कालचं असलं, तरी पिल्लं एकाच वेळी बाहेर येतात. कारण ऊब लागेपर्यंत अंड्यातला जीव झोपलेला असतो. म्हणून तर आपण आठवडाभर टोपलीत अंडी साठवू शकतो. ऊब लागली की मात्र २१ दिवसांचा हिशेब सुरू होतो.

ही ऊब कोंबडीशिवाय देता येईल का, हा विचार माणसाच्या मनात फार पूर्वी आला. ग्रीस देशातल्या अॅरिस्टॉटल नावाच्या विद्वानाने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे की इजिप्तमध्ये लोक अंडी शेणखताच्या ढिगात पुरून उबवतात. त्याच ठिकाणी त्याने एका दारुड्याचीही गोष्ट सांगितली आहे. सिराक्यूज गावचा हा माणूस आपल्या चटईखाली जमिनीत अंडी ठेवायचा आणि पिल्लं निघेपर्यंत वर बसून पीत राहायचा. खरंखोटं देव जाणे. दारुड्याने इतके दिवस एका जागी बसून काही काम पुरं केलं, यावर आमच्या गटातल्या बायकांचा तरी विश्वास बसला नाही.

दुसरी गोष्ट रोमच्या राणीची. लिव्हिया तिचं नाव. ती पहिल्यांदा गरोदर होती तेव्हा मुलगा होणार की मुलगी, हे बघण्यासाठी तिने एक अंडं आपल्या छातीशी धरून उबवलं. तिला ते बाजूला ठेवायची वेळ आली की दाई ते आपल्या छातीशी धरायची, म्हणजे ऊब तुटायची नाही. अंड्यातून कोंबडा निघाला आणि राणीला मुलगा झाला. तोच पुढे टायबेरियस बादशहा. मुलग्याची ही ओढ तेव्हाही होतीच, बघा. राणीचं नाव इतिहासात राहिलं, पण ऊब तुटू न देणाऱ्या त्या दाईचं नाव कुणी लिहिलं नाही.

खरी कमाल केली ती इजिप्तच्या कारागिरांनी. त्यांनी विटामातीच्या भट्ट्या बांधल्या. मधून बोळ, दोन्ही बाजूंना दुमजली खोल्या. खालच्या खोलीत हजारो अंडी, वरच्या खोलीत शेण आणि काडीकचऱ्याचा मंद विस्तव. भट्टीवाले आतच वावरायचे, अंडी हाताने फिरवायचे, धुराची भोकं उघडझाप करायचे. थर्मामीटर कुठला? अंडं उचलून डोळ्याच्या पापणीला लावायचे आणि त्यावरून ऊब ओळखायचे. पापणीची कातडी पातळ असते, तिला थोडासा फरकही लगेच कळतो. ही विद्या बापाकडून मुलाकडे जायची, बाहेर सांगायची नाही. आसपासच्या गावांतले लोक आपली अंडी भट्टीवर आणून द्यायचे, आणि तीन अंड्यांमागे दोन पिल्लं परत न्यायचे. दळण गिरणीत द्यावं तसाच हा व्यवहार.

पण याचा एक परिणाम झाला, आणि आमच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला तिथेच सापडू लागलं. कोंबडीने बसायची गरजच उरली नाही. इजिप्तच्या फयूम भागातली फयूमी नावाची जात आजही आहे. काटक आहे, रोगाला दाद देत नाही, पण सहजासहजी खुडूक होत नाही. जी कोंबडी बसत नाही ती जास्त अंडी देते, जास्त अंडी देते तिचीच अंडी भट्टीत जास्त जातात, आणि तिचाच वंश वाढतो. कुणी ठरवून केलं नसेलही, पण अनेक पिढ्यांत असंच घडत जातं.

युरोपातल्या लोकांना या भट्ट्यांचं फार नवल वाटायचं. फ्रान्सच्या रेओम्यूर या शास्त्रज्ञाने स्वतः करून बघितलं आणि १७४९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याने पिंपं शेणखतात पुरून आत अंडी ठेवली. सुरुवातीला पिल्लं अंड्यातच मेली. ऊब बरोबर होती, पण खताची ओली वाफ आत जात होती. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, आतला जीव त्यातूनच श्वास घेतो, हे आपण विसरता कामा नये.

पुढचं जरा भराभर सांगतो. १८७९ साली अमेरिकेतल्या पेटालुमा गावी लायमन बाईस याने रॉकेलच्या दिव्यावर चालणारं यंत्र बनवलं, आणि ते गाव अंड्यांसाठी जगात गाजलं. १८८१ साली इंग्लंडमध्ये हिअरसन याने यंत्रात एक छोटी धातूची डबी बसवली. आत चटकन वाफ होणारा द्रव. ऊब वाढली की डबी फुगायची, दांडी उचलली जायची आणि ऊब आपोआप कमी व्हायची. जे काम पापणी करत होती ते आता डबी करू लागली. आमच्या यंत्रात तेच काम वीज करते, म्हणून तर त्या रात्री आमची धांदल उडाली.

यंत्रं आली आणि खुडूक होणं हा कोंबडीचा दोष ठरला. हिशेब साधा होता. खुडूक कोंबडी २१ दिवस बसते, मग पिल्लं घेऊन फिरते, एवढे दिवस अंडं बंद. आपली गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. व्हाइट लेगहॉर्नच्या रक्ताच्या कोंबड्या आता वर्षाला ३०० च्या आसपास देतात. पैदास करताना बसणाऱ्या कोंबड्या वगळत गेले आणि न बसणाऱ्या ठेवत गेले. बसायची ओढ रक्तातूनच काढली. खरं सांगायचं तर आपल्या आयाआज्यांनीही अंड्याला भाव आला की खुडूक कोंबडीला पाण्यात बुडवलेलं आहे, नाकात पीस घातलेलं आहे. पण ते तेवढ्यापुरतं. पुढच्या वेळी ती पुन्हा बसायची.

आपल्याकडे सरकारी केंद्रांतून आधी लेगहॉर्नसारख्या जाती आल्या. मग १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वर हॅचरीज सुरू केली आणि पुढे पुणे हे कोंबडीच्या धंद्याचं मोठं ठिकाण झालं. परसातल्या कोंबडीसाठी बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज जात काढली, हैदराबादच्या संशोधन केंद्राने वनराज. दिसायला गावठीसारख्या रंगीत, वजनाला भारी, अंड्यांना जास्त. आमच्या वाडीत आल्या त्या याच. त्या चांगल्या आहेत, आम्ही त्यांना नावं ठेवणार नाही. गटातल्या दोघींच्या मुलींची फी याच कोंबड्यांनी भरली. पण त्या खुडूक बसत नाहीत, आणि त्यांची अंडी उबवली तर पुढची पिढी तशीच निघत नाही. म्हणजे दर वेळी पिल्लं विकत आणायची. एका वर्षी पैसे आगाऊ भरून पिल्लं महिनाभर उशिरा आली, खोक्यात अर्धी मेलेली. तक्रार केली, उत्तर आलं नाही.

पूर्वी वाडीत मानमोडीची साथ येऊन खुराडं रिकामं झालं तर शेजारीण अंडी आणि खुडूक कोंबडी दोन्ही उसनी द्यायची. पिल्लं मोठी झाली की निम्मी परत. पैसा लागायचा नाही. त्या रात्री दोन कोंबड्या सापडल्या नसत्या तर आमच्या लक्षातही आलं नसतं की हा व्यवहार बंद पडला आहे.

यंत्र आम्ही विकलेलं नाही. ते ४८ अंडी उबवतं, कोंबडी दहा-बारा. पण आता गटाने ठरवलं आहे की प्रत्येकीने दोन गावठी कोंबड्या ठेवायच्या, आणि खुडूक झालेली कोंबडी बाजारात न्यायची नाही. यंत्र लावायचं ते वाडीत दोघीतिघी खुडूक असताना. पिल्लं निघाली की रात्री त्यांच्या पंखाखाली सोडतो, म्हणजे बल्बचं बिल वाचतं आणि घार आली की हाकही मारायला कुणी असतं. पाटीत राख आणि तूस घालायचं, उन्हाळ्यात पाटीखाली ओली वाळू, सातव्या दिवशी बॅटरीवर धरून वांझ अंडी काढायची. हे मावशींनी सांगितलं आणि आम्ही वहीत लिहून घेतलं.

त्या १९ पिल्लांतल्या सात तलंगा आता अंड्यावर आल्या आहेत. त्यातली एक परवा खुडूक झाली. अकरा अंडी दिली आहेत तिच्याखाली, मंगळवारी अकरावा दिवस.