ई-पत्रातील ओळ आणि देवनागरी : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना
संगणकीय दळणवळणाच्या इतिहासात यंत्रांची चर्चा पुष्कळ होते. मजकुराच्या ओळीची क्वचितच होते. वस्तुतः ओळ कशी असावी याविषयीच्या प्रारंभीच्या निर्णयांनी इंग्रजीखेरीज अन्य भाषांचे ई-पत्रातील स्थान दीर्घकाळ निश्चित केले. प्रस्तुत लेखात त्या निर्णयांचा परामर्श घेतला आहे.

ओळीची घडण
टेलिप्रिंटरवर नवी ओळ सुरू करण्यासाठी दोन क्रिया लागत : छपाईचे स्थान डाव्या कडेला परत नेणे आणि कागद एक ओळ पुढे सरकविणे. या क्रियांच्या संकेतचिन्हांची जोडी जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये सिद्ध केलेल्या एसएमटीपी या नियमावलीत ओळीची समाप्ती ठरली. समाप्तिचिन्हांसह ओळीची मर्यादा १००० अक्षरांची होती आणि अक्षरे सात बिटांच्या आस्की संकेतातील असत. युनिक्समध्ये मात्र यांपैकी केवळ दुसरे चिन्ह वापरले जाई. त्यामुळे सर्व्हरला चिन्हांची अदलाबदल करावी लागे. साध्या मजकुराला यापासून धोका नव्हता. परंतु चित्राच्या फाइलमधील तशाच मूल्याचा बाइट बदलला गेल्यास ती फाइल निकामी होई.

आठव्या बिटाचा प्रश्न
१९९१ च्या इस्की या भारतीय मानकात रोमन अक्षरे आस्कीप्रमाणेच ठेवून भारतीय लिप्यांना आठव्या बिटामुळे मिळणारी वरची जागा दिली होती. सात बिटांच्या मार्गावर नेमकी हीच जागा उपलब्ध नव्हती. इंग्रजी मजकूर जसाच्या तसा पोहोचू शके. देवनागरी मजकूर मात्र तसा पाठविण्याची हमी नव्हती.

माइमची तडजोड
जून १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेन्स्टाइन व नेड फ्रीड यांनी माइम हे मानक मांडले. ठिकठिकाणचे सर्व्हर एकाच वेळी बदलणे अशक्य होते. म्हणून त्यांनी मार्ग न बदलता मजकुराचे रूप बदलले. बेस-६४ पद्धतीत तीन बाइटांची चार सुरक्षित अक्षरे होतात आणि ती कमाल ७६ अक्षरांच्या ओळींत मांडली जातात. क्वोटेड-प्रिंटेबल पद्धतीत आस्कीबाहेरील प्रत्येक बाइटाला तीन अक्षरे लागतात. ‘मराठी’ या शब्दात युनिकोडची ५ चिन्हे असून यूटीएफ-८ मध्ये त्यांचे १५ बाइट होतात. बेस-६४ मध्ये २०, तर क्वोटेड-प्रिंटेबलमध्ये ४५ अक्षरे होतात. मुख्यतः रोमन लिपीतील मजकुरासाठी सोयीची असलेली दुसरी पद्धत मराठीला महाग पडते, ती यामुळे.

समारोप
१९९३ मध्ये आठ बिटांच्या वहनाची पुरवणी आली आणि २०१२ च्या मानकाने पत्त्यातही देवनागरी अक्षरांना स्थान दिले. तथापि २००८ च्या सुधारित एसएमटीपीतही ओळीची जुनी मर्यादा कायम राहिली. माइममुळे मराठीला ई-पत्रात विश्वसनीय मार्ग मिळाला, हे निर्विवाद आहे. पण तो मिळाला वेषांतर करून. एका भाषेच्या सोयीने आखलेले नियम तांत्रिक स्वरूपामुळे तटस्थ भासतात. त्यांचा भार कोणत्या भाषेवर पडला, याची नोंद घेणे भाषेच्या अभ्यासकाचेही कर्तव्य ठरते.